खटखटे आणि अर्धा कीबोर्ड

नवे साहेब खटखट्यांना ‘जरा बसा’ म्हणाले, तेव्हाच खटखट्यांनी एकदा दाराकडे पाहून घेतलं. कचेरीत कोणी ‘या’ म्हटलं तर काम असतं, ‘या हो’ म्हटलं तर चहा असतो. पण ‘जरा बसा’ म्हटलं, की पुढे येणारी गोष्ट उभ्याने ऐकण्यासारखी नाही असं खुशाल समजावं. खटखटे बसले. खुर्चीच्या अगदी कडेला बसले, म्हणजे वेळ आलीच तर उठायला सोपं.

‘तुमच्याबद्दल काही तक्रार नाही,’ नवे साहेब म्हणाले.

तक्रार आहे, हे खटखट्यांनी ओळखलं.

‘फक्त हे ऐका.’ साहेबांनी रेकॉर्डरचं बटण दाबलं. आतून खट्, खट्, खटाखट, खट् असा आवाज यायला लागला. मध्येच लांबून कोणीतरी ‘ती भिंत माझीच’ असं म्हणालं आणि पुन्हा खटाखट सुरू झाली.

‘ही गेल्या आठवड्यातली साक्ष,’ नवे साहेब म्हणाले. ‘साक्षीदार अख्खी दुपार बोलत होता. त्यातलं ‘ती भिंत माझीच’ एवढंच आपल्या हाती लागलंय. बाकी सगळे तुम्ही आहात.’

आता या गृहस्थांचं नाव खटखटे नव्हतं, हे सांगायला हवं. पगाराच्या कागदावर वेगळंच, बरं आडनाव होतं. पण ज्या अपील कार्यालयात ते नोंदलेखनिक होते, तिथे त्यांच्या कीबोर्डचा आवाज जिन्यापासून ऐकू येई आणि तोच त्यांना चिकटला. भिंती, गच्च्या, कुंपणं, नळ यांवरून भांडणारी माणसं या कार्यालयात येत. समोर उंचावर निकाल देणारे मोठे साहेब बसत, त्यांच्या पायथ्याशी खटखटे. सुनावणीत जे जे बोललं जाईल ते ते टाइप करायचं, आणि ते तिथल्या तिथे भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसायचं, अशी पद्धत. आणि या कामाचा पहिला नियम असा, की नोंदलेखनिकाने विचारायचं नाही, सुधारायचं नाही, कानावर पडेल ते लिहायचं. एका वकिलाने भर सुनावणीत फोनवर आपल्या ड्रायव्हरला झापलं होतं, तेही नोंदीत आहे. खटखट्यांना त्याचा अभिमान होता.

त्यांचा कीबोर्डही साधा नव्हता. पिवळट पडलेला, लांबलचक, पाटाएवढा जड. दुसऱ्या कशावर त्यांची बोटं चालत नसत म्हणून ते तो रोज टॉवेलात गुंडाळून, पिशवीत घालून घरी नेत आणि सकाळी परत आणत. पिशवीतून त्याचं टोक बाहेर डोकवायचं. बसमध्ये लोक त्यांना वादक समजून कडेची जागा देत, आणि खटखटे कधी नाही म्हणाले नाहीत.

‘हल्ली लहान कीबोर्ड मिळतात,’ नवे साहेब सांगत होते. ‘कॉम्पॅक्ट. अजिबात आवाज नाही. सोमवारी त्या जिन्याच्या प्रकरणाचा निकाल आहे, तेव्हा वापरून बघा. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर मग आपण नुसतं रेकॉर्डिंगच ठेवू. तुमची सोय काय, खाली रेकॉर्ड रूममध्येही होईल.’

सोय म्हणे! रेकॉर्ड रूम तळघरात होती. तिला खिडकी नव्हती, आणि फायलींवरची धूळ इतकी जुनी होती की तिलाच पेन्शन लागू व्हावी. आधीचा लेखनिक तिथे धडधाकट गेला होता आणि दम्याचा पंप घेऊन वर आला होता. खटखट्यांना तर गेल्या वर्षीच छातीत कळ आली होती, आणि डॉक्टरांनी धूळ आणि जिने या दोन गोष्टी सक्त मना केल्या होत्या. रेकॉर्ड रूममध्ये या दोनच गोष्टी होत्या. निवृत्ती हाकेच्या अंतरावर आलेली असताना हे असं तळघरात जायचं!

‘जमवतो साहेब,’ ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच ऐकू आला नाही.

कचेरीतली वस्तू बदलायची तर आधी स्टोअरवाल्याची परवानगी हवी. स्टोअरवाला हा मनुष्य जाळीमागे बसत असे आणि त्याचं तोंड कायम काहीतरी नाकारायच्या तयारीत असे.

‘नवा बाहेरून आणताय? हरकत नाही,’ तो म्हणाला, तेव्हा खटखट्यांचा जीव क्षणभर भांड्यात पडला. ‘पण जुना आधी जमा करा.’

खटखट्यांनी टॉवेल सोडला. स्टोअरवाल्याने कीबोर्ड उलटा केला, पाठीवरचा नंबर वाचला, आपल्या कॉम्प्युटरवर काहीतरी पाहिलं आणि तो कीबोर्ड जाळीतून परत सरकवला.

‘हा नाहीये.’

‘म्हणजे?’

‘हा केव्हाच भंगारात निघालाय. सरकारी हिशेबाने हा अस्तित्वात नाही. जो नाही तो मी जमा कसा करून घेऊ?’

‘अहो, पण हा बघा ना. हा आहे. मी रोज यावर टाइप करतो.’

‘ते तुम्ही कोणापाशी बोलू नका,’ स्टोअरवाला आवाज खाली आणून म्हणाला. ‘नसलेल्या वस्तूवर इतकी वर्षं सरकारी काम केलंत म्हणजे ते काम झालं की नाही, हा प्रश्न निघेल.’

इतक्या वर्षांत त्यांनी उतरवलेले सगळे निकाल डोळ्यांपुढून गेले. किती लोकांनी त्या निकालांवर भिंती पाडल्या असतील, किती जणांनी बांधल्या असतील! त्यांनी कीबोर्ड घाईघाईने टॉवेलात गुंडाळला आणि इकडेतिकडे बघत पिशवीत कोंबला. जुना जमा होत नव्हता, म्हणून नव्याला परवानगी मिळत नव्हती, आणि नवा आणला नाही तर तळघर ठरलेलं. शेवटी स्टोअरवाल्यानेच तोडगा काढला. ‘तुम्ही आणा. मी पाहिलाच नाही असं समजतो. आजवर हाही पाहिला नव्हता.’

घरी आल्यावर खटखट्यांनी बायकोला तळघराचं काही सांगितलं नाही. उगाच कशाला तिच्या जिवाला घोर? ‘कचेरी आधुनिक होतेय,’ एवढंच म्हणाले.

‘आणि तुम्ही?’ बायकोने विचारलं.

‘मीही होतोय.’

‘मग चेहरा असा का पडलाय?’

‘आधुनिक होताना पडतो,’ खटखटे म्हणाले.

बायको फार समजूतदार होती, याबद्दल खटखट्यांच्या मनात कधी शंका नव्हती. ते घरी निकालांच्या स्वच्छ प्रती टाइप करत बसत, तेव्हा ती स्वयंपाकघरात तिचं तिचं काम करी. पण एखाद्या शब्दावर अडून ते थांबले, की हटकून चहा समोर यायचा. न मागता, न हाक मारता. गेल्या वर्षी कळ आली त्या दिवशीही ती नेमकी चहा घेऊनच दारात आली होती, म्हणून तर सगळं वेळेवर झालं. याला म्हणतात नशीब, असं खटखटे चारचौघांत सांगत. माझ्या डोक्याला कधी शीण आला ते हिला भिंतीपलीकडून कळतं, असंही सांगत.

शेजारी विमावाले राहत. कीबोर्ड घ्यायचा आहे ही बातमी त्यांना दारातच लागली आणि ते हातातलं काम टाकून दुकानात सोबत आले. विमावाले मनाने चांगले होते, फक्त त्यांची प्रत्येक गोष्ट कोणाच्यातरी जाण्याने संपायची.

‘लहान कीबोर्ड ना? आमच्या साडूंनी घेतला होता. फार खूश होते,’ विमावाले रस्त्यात म्हणाले.

‘मग?’

‘मग काय, पुढच्याच महिन्यात गेले.’

‘कीबोर्डमुळे?’

‘नाही हो. पण माणूस खांदे आखडून बसतो, छाती दबते. त्यांची पॉलिसी होती म्हणून निभावलं.’

दुकानदाराने छोटासा खोका उघडला आणि आतून जे काढलं ते पाहून खटखट्यांना वाटलं, हा नमुना असेल, खरा माल आतून आणतील. काळा, चपटा, बिस्किटाच्या पुड्यापेक्षा जरासाच लांब. त्याला बाणांची बटणं नव्हती. उजवीकडचा आकड्यांचा चौकोन तर मुळापासून कापून टाकलेला.

‘उरलेला कुठाय?’ त्यांनी विचारलं.

‘सगळा यातच आहे काका,’ दुकानदार म्हणाला. ‘हे एक कोपऱ्यातलं बटण दाबून धरायचं, मग प्रत्येक बटणाचा अर्थ बदलतो.’

‘आणि बटण दाबून धरलंय हे विसरलो तर?’

‘विसरायचं नाही,’ दुकानदार म्हणाला.

खटखट्यांनी तिथेच दोन ओळी टाइप करून पाहिल्या. आवाज म्हणून येईना. बोटं कापसात बुडाल्यासारखी आत जात आणि वर येत. आपण काही लिहिलं याची खात्री करायला त्यांना दर शब्दाला मान वर करून पडद्याकडे बघावं लागत होतं. विमा न उतरवलेल्या भरवशावर माणसाने किती जगायचं, असं काहीतरी विमावाले मागे पुटपुटत होते. खटखट्यांनी डोळे मिटून घेतला तो कीबोर्ड.

रविवार सरावाचा. सकाळी खटखटे आंघोळ करून, परीक्षेला बसावं तसे कीबोर्डपुढे बसले. पहिला निकाल लिहायला घेतला. अक्षरं बरी उमटत होती, पण प्रकरणाचा क्रमांक आला की घोडं अडायचं. कारण क्रमांक आला की उजवा हात त्यांना न विचारता उजवीकडे जाई आणि जिथे आकड्यांचा चौकोन असायचा तिथल्या रिकाम्या टेबलावर टकाटक क्रमांक ठोकून परत येई. पडद्यावर काही नाही. खटखट्यांनी हाताला समजावलं, मग दटावलं. हात ‘बरं’ म्हणाल्यासारखा दोन ओळी नीट वागे, आणि पुन्हा क्रमांक आला की चालला टेबलावर. मध्यंतरी विमावाले कसं चाललंय ते बघायला आले आणि टेबलावर हात टेकून वाकले, तर खटखट्यांनी एक अख्खा क्रमांक त्यांच्या पंजावर टाइप केला.

‘हे लक्षण बरं नाही,’ विमावाले पंजा चोळत म्हणाले. ‘हात आपल्या ताब्यात नसणं. आमचे एक आतेभाऊ होते...’

‘गेले का?’

‘तुम्हाला कसं कळलं?’

तेवढ्यात खटखट्यांच्या करंगळीखाली भलतंच बटण गेलं आणि समोरचा पडदा काळाकुट्ट झाला. कोणी गेल्यावर जोडावेत तसे विमावाल्यांनी हात जोडले आणि पाय काढता घेतला. कॉम्प्युटर संपला, निकाल संपले, सोमवारही संपला, अशा विचाराने खटखट्यांना दरदरून घाम फुटला. मग कोपऱ्यातलं ते बटण धरून एकेक बटण दाबत गेल्यावर उजेड हळूहळू परत आला. त्या बटणाने उजेड कमीजास्त होतो, एवढंच होतं.

आणि या सगळ्यात बायको.

‘झोपलात का?’ पहिल्यांदा ती दारातून डोकावून म्हणाली.

‘काम करतोय.’

‘आवाज नाही तो.’

‘तोच तर गुण आहे त्याचा!’

ती गेली आणि चहा घेऊन आली. खटखट्यांनी प्यायला. थोड्या वेळाने पुन्हा चहा आला. तोही प्यायला. तिसऱ्या कपाला ते म्हणाले, ‘अगं, पुरे,’ तेव्हा ती पाणी घेऊन आली. मग हातात काही न घेता आली आणि डबा शोधतेय म्हणाली. झोपायच्या खोलीत डबा! मग उगाच खिडकीचा पडदा सारखा करून गेली. मग येऊन नुसती उभीच राहिली.

‘तुला माझा भरवसा नाही का?’ खटखटे शेवटी उखडलेच. पोटात चहा डुचमळत होता आणि छातीत सोमवार. ‘मी इथे रिकामा बसलोय असं वाटतं का तुला? सारखी पहारा करत्येस ती!’

बायकोचा चेहरा उतरला, आणि ती निघून गेली. खटखट्यांना वाईट वाटलं, पण चूक आपली की तिची हे ठरवायला सवड नव्हती. संध्याकाळी बोलू, असं म्हणून ते पुन्हा कीबोर्डवर वाकले, आणि संध्याकाळी बोलायचं राहून गेलं.

सोमवारी कचेरी भरगच्च. प्रकरण दोन भावांचं होतं. थोरला वरच्या मजल्यावर राहायचा, धाकटा खालच्या. जिना कोणाचा, यावरून दोघे इतकी वर्षं भांडत होते की जिन्याला दोघांनी मिळून कुलूप लावलं होतं आणि थोरला शिडीने घरात जात होता. नवे साहेब कोपऱ्यात उभे होते. रेकॉर्डर नेहमीसारखा खटखट्यांच्या टेबलावर ठेवला होता. खटखट्यांनी जुना कीबोर्ड पायाशी पिशवीत ठेवला आणि लहान कीबोर्ड पुढे ओढला.

मोठे साहेब येऊन बसले. पाणी प्याले. डोळे मिटले. निकाल सांगताना ते कायम डोळे मिटून सांगत. डोळे उघडे ठेवले की माणसं दिसतात आणि मग सगळ्यांचंच खरं वाटायला लागतं, असं ते म्हणत.

‘हे कार्यालय अशा निष्कर्षाला आलं आहे,’ मोठे साहेब म्हणाले, ‘की जिना दोन्ही भावांचा सामाईक आहे.’

खटखट्यांनी लिहिलं. पडद्यावर उमटलं. एकही चूक नाही. त्यांनी चोरून नव्या साहेबांकडे पाहिलं. नव्या साहेबांनी मान डोलावली.

मोठे साहेब थांबले होते. डोळे मिटून, मान किंचित कलती करून थांबले होते. मग घसा खाकरून म्हणाले, ‘जिना दोन्ही भावांचा सामाईक आहे.’

खटखट्यांनी लिहिलं. नोंदलेखनिकाने विचारायचं नसतं.

‘जिना,’ मोठे साहेब आवाज चढवून म्हणाले, ‘दोन्ही भावांचा, सामाईक आहे!’

पडद्यावर जिना तिसऱ्यांदा सामाईक झाला. थोरल्याचा वकील लगबगीने उठला. ‘‘सामाईक’ या शब्दावर कार्यालयाने जो विशेष भर दिला, त्याबद्दल माझे अशील आभारी आहेत.’ खटखट्यांनी तेही घेतलं. धाकट्याचा वकील ‘भर दोघांवर सारखाच आहे’ म्हणाला. तेही घेतलं.

तेव्हा मोठ्या साहेबांनी डोळे उघडले. निकाल सांगताना साहेबांचे डोळे उघडलेले कोणी पाहिले नव्हते. वाकून त्यांनी खाली पाहिलं.

‘अहो खटखटे, लिहिताय ना?’

पडद्यावर उमटलं, ‘अहो खटखटे, लिहिताय ना?’

‘लिहितोय साहेब.’

‘लिहितोय साहेब.’ पडद्यावर.

सगळी खोली हसायला लागली. ‘शांत राहा,’ साहेब ओरडले, आणि ‘शांत राहा’ पडद्यावर गेलं. ‘बरं वाटत नाहीये का तुम्हाला?’ हेही गेलं. खटखट्यांना कळत होतं की थांबायला पाहिजे, पण जन्मभराची सवय ती, बोटं ऐकेनात. कानात आलं की पडद्यावर. चेहरा रडवेला झाला. पुसलं पाहिजे, हे सगळं पुसलं पाहिजे! पुसायचं बटण जुन्या कीबोर्डवर उजवीकडे वर असायचं. उजवा हात तिकडे धावला आणि टेबलाच्या लाकडावर ठोकू लागला. टक्, टक्, टक्, टकाटक.

आणि मोठ्या साहेबांचा चेहरा निवळला. ‘हं,’ ते म्हणाले. डोळे मिटले आणि निकाल नळ सोडावा तसा वाहायला लागला.

खटखट्यांनी ठोकणं थांबवलं. साहेब थांबले. खटखट्यांनी ठोकलं. साहेब सुरू झाले.

आता या माणसाने काय करावं? उजव्या हाताने टेबल ठोकायचं आणि डाव्या हाताने लिहायचं, एवढाच मार्ग उरला होता. उजवा हात हौसेने ठोकत होता. डावा हात बिचारा एकटा त्या अर्ध्या कीबोर्डवर या टोकाकडून त्या टोकाकडे धावत होता आणि निकालातला दर तिसरा शब्द कसाबसा पकडत होता. छाती धडधडत होती. कपाळावरचा घाम थेट कीबोर्डवर पडत होता आणि पुसायला तिसरा हात नव्हता. तळघराच्या पायऱ्या त्यांना स्पष्ट दिसायला लागल्या होत्या.

मोठ्या साहेबांनी समाधानाने निकाल संपवला आणि डोळे उघडून पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर असं होतं: ‘जिना थोरल्या रोज धाकट्याने शिडी खाली पाणी न करता कुलूप दोघांनी गिळून.’

‘रेकॉर्डिंग आहे,’ नवे साहेब पुढे होत म्हणाले. ‘काळजी नको. म्हणूनच मी म्हणत होतो.’ त्यांनी बटण दाबलं. रेकॉर्डरमधून टक्, टक्, टकाटक, टक् असा आवाज सगळ्या खोलीभर झाला. अगदी स्वच्छ. साहेबांच्या आवाजाचा मागमूस नव्हता.

पुढच्या क्षणी खटखटे उभे होते. कसे उभे राहिले ते त्यांनाच कळलं नाही. ‘साहेब, माझंच चुकलं,’ ते म्हणाले, आणि मग सगळंच बोलून गेले. आवाज, तक्रार, तळघर, दमा, अर्धा कीबोर्ड, हात, सगळं. ‘पण साहेब, मी ठोकलं की तुम्ही बोलता आणि थांबलो की थांबता. मी काय करणार?’

मोठे साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. दोन्ही भाऊही बघत राहिले. इतक्या वर्षांत दोघांनी एकाच दिशेला पाहिल्याची ती पहिलीच वेळ असावी.

‘खरं आहे,’ साहेब शेवटी म्हणाले. ‘मी तुमच्या आवाजावर बोलतो. तुमची खटखट सुरू झाली की मला कळतं, वाक्य पोचलं. थांबली की पुढचं सोडतो. हे मलाही आज कळतंय. आवाज आला नाही तेव्हा मला वाटलं, तुम्हाला काहीतरी झालं.’ मग त्यांनी रेकॉर्डरकडे बोट केलं. ‘आणि हे यंत्र यांच्या टेबलावर का ठेवलंय? बोलतो मी. मग हे माझ्यापुढे नको?’

‘प्लग तिथेच आहे,’ नवे साहेब म्हणाले.

‘मग वायर लांबवा की!’

‘लांब वायर स्टोअरमधून मागवावी लागेल. त्याला आधी जुनी जमा...’

मोठ्या साहेबांनी वाकून स्वतःच्या पायाशी चालणाऱ्या पंख्याला जोडलेली लांब वायर ओढून काढली आणि नव्या साहेबांच्या हातात दिली. रेकॉर्डर वर गेला. खटखट्यांनी पिशवीतून जुना कीबोर्ड काढला, टॉवेल सोडला, आणि जोडला. साहेबांनी डोळे मिटून निकाल पहिल्यापासून सांगितला. खट्, खट्, खटाखट. जिना सामाईक झाला, एकदाच. कुलूप दोघांनी मिळून काढायचं ठरलं. लहान कीबोर्ड नव्या साहेबांनी हौसेने मागून घेतला, आणि दुपारी त्यांच्या खोलीतून टेबल ठोकल्याचा आवाज येत होता, असं शिपाई सांगतो.

घरी जाताना खटखटे पिशवी छातीशी धरून बसले होते. दार उघडताच बायकोने आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग पिशवीतून डोकावणाऱ्या टोकाकडे. खटखट्यांनी सगळं सांगितलं. तळघराचंही सांगितलं, आता सांगायला हरकत नव्हती. साहेब आवाजावर बोलतात, हा भाग त्यांनी जरा रंगवून सांगितला.

‘कमाल आहे नाही?’ ते म्हणाले. ‘एवढा मोठा माणूस, आणि त्याला काय वाटलं, तर मला काही झालं!’

बायको टॉवेलाची घडी घालत होती. ‘त्यात कमाल कसली?’ ती म्हणाली.

‘म्हणजे?’

‘मी काय चहाची हौस म्हणून चहा करते? तुमचा आवाज थांबला की माझा जीव वर-खाली होतो. हात रिकामे घेऊन कसं यायचं? तुम्ही चिडता. म्हणून चहा घेऊन येते. गेल्या वर्षीही आवाज थांबला म्हणूनच आले होते. चहा कुठला, कपात नुसतं आधणाचं पाणीच होतं. तुम्हाला कुठे शुद्ध होती बघायला?’ ती थांबली. मग म्हणाली, ‘काल अख्खा दिवस आवाज नव्हता. किती फेऱ्या घालायच्या माणसाने?’

खटखट्यांना कालचा आपला ‘पहारा’ हा शब्द आठवला. त्यांनी बायकोच्या हातातला टॉवेल घेतला आणि तिने घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. ‘काल मी उगाच बोललो,’ असं त्यांना म्हणायचं होतं. म्हणाले, ‘काल चहा चांगला होता. तिन्ही वेळेला.’

मग ते कामाला बसले. खट्, खट्, खटाखट. एका शब्दाशी ते अडले आणि सवयीने हात वर घ्यायला गेले, तोच त्यांच्या लक्षात आलं, आता भिंतीपलीकडे कोणीतरी हातातला चमचा तसाच धरून थांबेल. त्यांनी हात उचलले नाहीत. शब्द सुचेपर्यंत ते नुसतेच वाटेल ते ठोकत राहिले. निकालाच्या मध्यात दोन ओळी काहीच्या काही पडल्या. त्या नंतर पुसता आल्या असत्या. पुसायचं बटण कुठे होतं ते आता हाताला माहीत होतं.

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता, कुकरचा येत होता, मध्येच गुणगुणणंही आलं. सगळं निवांत चाललं होतं. फक्त चहा काही येईना. खटखट्यांनी वाट पाहिली. पुन्हा थोडी पाहिली. मग चोरासारखं दाराकडे बघत त्यांनी हळूच दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

आत गुणगुणणं थांबलं.

‘अहो,’ बायकोची हाक आली, आणि तिच्या पाठोपाठ पावलं. ‘लिहिताय ना?’

चहा गेला चुलीत. त्यांनी दोन्ही हात कीबोर्डवर आपटले.

‘लिहितोय गं,’ ते म्हणाले. ‘लिहितोय.’